‘खोटं बोलणं’ हा विषय घेऊन आठवीला इंग्रजी रीडिंग शिकवायचंय, कसं करू?

हिंगणारोड_टीचर

नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरला हिंगणा रोडकडे एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. आमचे पोट्टे इंग्रजी मोठ्याने वाचून दाखवतात, उच्चारही बरे आहेत, पण काय वाचलं विचारलं की सगळे गप्प. अनसीन पॅसेज आला की त्यांची एक ठरलेली पद्धत आहे, प्रश्नातला एक शब्द पकडायचा, तो पॅसेजमध्ये कुठे आहे ते बोटाने शोधायचं आणि ती ओळ फुलस्टॉपपर्यंत जशीच्या तशी उतरवायची. त्यावर बरेचदा मार्कही मिळून जातात म्हणून ही सवय काही केल्या सुटून नाही राहिली.

मागे एक उतारा घेतला होता, त्यात एक मुलगा आईशी साफ खोटं बोलतो पण उताऱ्यात तसं कुठेच लिहिलेलं नाही, आधीच्या पॅराशी ताडून पाहिलं तरच कळतं. एका पोरीच्या ते लक्षात आलं आणि ती ओरडली, “मॅडम हा खोटं बोलून राहिला!” मग पूर्ण वर्ग वरचा पॅरा परत वाचायला लागला, मी न सांगता. तेव्हापासून डोक्यात आहे की दिवाळीनंतर दोन-तीन आठवडे फक्त याच विषयावर वाचन घ्यायचं.

अडचण अशी की उतारे कुठले घेऊ? लांडगा आला रे आला सगळ्यांना पाठ आहे, पाठ असलेली गोष्ट कोणी वाचत नाही, आठवून उत्तरं देतात. दुसरं म्हणजे क्रम काय ठेवू, आणि ओळींच्या मधलं वाचणं, इन्फरन्स म्हणतो ते, आठवीच्या पोरांना कसं शिकवतात? कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

महालचे_सर

मॅडम, विषय एकदम बरोबर पकडला तुम्ही. पोरगं उतारा दुसऱ्यांदा काहून वाचेल? मास्तर सांगतो म्हणून वाचलं तर नजर फक्त ओळींवरून फिरते. पण समोरचा आपल्याला फसवून राहिला असा संशय आला की तो स्वतःहून मागे जाऊन पुरावा शोधतो. रीडिंगमध्ये आपल्याला हेच तर पाहिजे.

उतारे बाहेरून शोधू नका, पहिले दोन तरी स्वतः लिहा. मी जबान्या लिहितो, म्हणजे एक घटना आणि चार-पाच जणांची स्टेटमेंट्स, प्रत्येकी पाच-सहा सोपी इंग्रजी वाक्यं. एक देतो, इथे मराठीत सांगून राहिलो, वर्गात इंग्रजीत करून द्या.

तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्यासाठी, शाळेच्या व्हरांड्यात लाकडी नंदी ठेवलेत. चार ते पाचच्या मधात एकाचं शिंग तुटलं. पहिला मुलगा म्हणतो, मी पाच वाजेपर्यंत लायब्ररीत पेपर वाचत होतो, मला कोणी दिसलं नाही. दुसरी म्हणते, आम्ही ग्राउंडवर कबड्डी खेळत होतो, साडेचारला जोराचा पाऊस आला म्हणून सगळे हॉलमध्ये पळालो. तिसरा म्हणतो, मी पाच वाजेपर्यंत पायऱ्यांवर बसून कबड्डी पाहत होतो, मॅच मस्त झाली. शिपाईकाका म्हणतात, आज लाइट गेली म्हणून सव्वाचारलाच लायब्ररी बंद केली, चावी माझ्याजवळ आहे. आणि पाचवा कागद म्हणजे शाळेच्या गेटवरची नोंदवही, त्यात तिसऱ्या मुलाचं नाव, बाहेर गेल्याची वेळ पावणेचार, परत आल्याची पाच.

आता गंमत पहा, खोटं दोघं बोलले. पहिला आणि तिसरा. पण तिसरा तर शाळेतच नव्हता, तो बाहेर गेला होता हे लपवायला खोटं बोलला, शिंग त्याने नाही तोडलं. म्हणजे जो खोटं बोलला त्यानेच केलं असं नाही, हे पोरांना कागदावरून काढावं लागते. आणि पहिल्यानेच तोडलं असं तरी कुठे लिहिलंय? नाही लिहिलं. तो सव्वाचारनंतर लायब्ररीत नव्हता एवढंच सिद्ध होते. इथे वर्गात भांडण होते आणि ते होऊ द्या, फक्त अट एक की बोलायचं तर ओळ दाखवून बोलायचं.

यासाठी वहीत तीन रकाने पाडून घ्या. उतारा असं म्हणतो, उतारा याच्या उलट म्हणतो, उतारा याबद्दल काहीच म्हणत नाही. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपल्या पोरांना खरं की खोटं एवढंच माहीत असते, माहिती दिलेलीच नाही असंही उत्तर असू शकते हे कोणी शिकवत नाही. आयईएल्टीएस, म्हणजे परदेशी जायला देतात त्या इंग्रजीच्या परीक्षेच्या रीडिंगमध्ये ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन असा प्रकार असतो, तिथे चांगले इंजिनियर झालेले लोक नॉट गिव्हनला अडकतात, कारण मनातलं ज्ञान उताऱ्यात घुसवतात. आठवीतच सवय लागली तर पुढे सोपं जाईल.

आणि हो, इन्फरन्स शिकवायचा म्हणजे तुम्ही स्वतः मोठ्याने विचार करून दाखवा. “इथे हा म्हणतो मॅच मस्त झाली. थांबा, वरती पावसाचं काय लिहिलंय? साडेचारला पाऊस. मग पाचपर्यंत मॅच कशी चालली?” हे सगळं फळ्यासमोर बोलून करायचं. वाचताना डोक्यात काय चालते ते पोरांना दिसतच नाही न, त्यांना वाटते हुशार पोराला उत्तर आपोआप येते.

बर्डीवाली_इंग्लिश

सरांची जबानीची आयडिया मी उचलणार आहे. मी बर्डीवर क्लासेसमध्ये अकरावी-बारावी आणि नोकरीवाल्या लोकांना शिकवते, माझा अनुभव माहितीपर उताऱ्यांचा आहे. कथा झाल्या की ते घ्या, कारण खोटं बोलण्यावर खरोखर खूप संशोधन झालंय आणि ते सोप्या इंग्रजीत लिहून देता येते.

मी सुरुवात प्रश्नाने करते, समोरचा खोटं बोलतो हे तुम्हाला चेहऱ्यावरून कळते का? सगळे हात वर. कसं कळते? “नजर चोरतो.” हे उत्तर फक्त नागपूरचं नाही बरं का, जगातल्या अनेक देशांत लोकांना हाच प्रश्न विचारला गेला, त्याचा अभ्यास २००६ मध्ये छापून आला आणि सगळ्यात जास्त लोकांनी नजर चोरण्याचंच नाव घेतलं होतं. हे सगळं फळ्यावर लिहायचं, मग उतारा द्यायचा. उताऱ्यात काय तर बाँड आणि डीपॉलो या दोन संशोधकांनी, त्याच २००६ सालात, शेकडो प्रयोगांचे आकडे एकत्र केले आणि लोक खरं-खोटं ओळखण्यात सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघतात असं दिसलं. नाणं उडवलं तरी ५० टक्के येतेच. वर्गाचा अंदाज साफ चुकतो आणि त्यामुळेच ते पुढचं वाचतात, काहून असं झालं ते पाहायला. अंदाज बांधून मग वाचणं, ज्याला प्रेडिक्शन म्हणतात, त्यासाठी मला याहून चांगला उतारा सापडला नाही.

आकडे शोधून काढायच्या सरावासाठी, म्हणजे स्कॅनिंगसाठी, डीपॉलो यांचाच १९९६ चा डायरीचा अभ्यास घ्या. लोकांना एक आठवडा आपल्या खोट्याची नोंद ठेवायला सांगितली, कॉलेजच्या मुलांची सरासरी दिवसाला दोन आली आणि बाहेरच्या मोठ्या माणसांची एक. यावर मोठ्या पोरांना एक प्रश्न जरूर विचारा, खोट्याचा हिशोब ज्याचा त्यानेच लिहिला, मग त्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? शांत बसणारे पण बोलतात या प्रश्नाला.

माझ्या मोठ्या विद्यार्थ्यांना मी पॉलिग्राफवर, म्हणजे खोटं पकडायच्या मशीनवर, पण उतारा देते. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सेल्वी केसमध्ये सांगितलं की माणसाच्या संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग करता येणार नाही. टीव्हीवर पाहिलेलं वेगळं आणि कागदावर वेगळं, म्हणून लक्ष देऊन वाचतात. आठवीला मात्र हे जड जाईल.

एक विनंती, चेहरा पाहून खोटं ओळखायचे खेळ वर्गात खेळू नका. एखादं बुजरं पोरगं नुसतं खाली पाहते म्हणून सगळ्यांसमोर खोटारडं ठरते. खोटं पकडायचं ते कागदावरचं.

कामठी_झेडपी

वरचं सगळं वाचलं, छान आहे, पण माझ्याकडचे पोट्टे पाहिले तर एवढ्यात उडी मारता येणार नाही असं वाटते. आधी शब्दांचं पहा. हू आणि नेशन यांचा २००० सालचा अभ्यास आहे, मदतीशिवाय उतारा नीट समजायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी चालेल. आपण देतो त्या उताऱ्यात एका ओळीत तीन असतात आणि मग म्हणतो पोरांना इन्फरन्स जमत नाही! ज्याला शब्दच कळले नाही तो ओळींच्या मधलं काय वाचणार. म्हणून जबान्या लिहिताना जुनेच शब्द परत परत वापरा, नवे दहा-बाराच ठेवा, अलिबाय, विटनेस, प्रूफ, डिनाय, ॲडमिट असे, आणि ते तिन्ही आठवडे चालवा. एकच विषय लांबवायचा खरा फायदा हाच आहे, तेच शब्द वेगवेगळ्या उताऱ्यात भेटत राहतात. रोज नवा विषय घेतला की आज डॉल्फिन उद्या ज्वालामुखी, शब्द एकदा येते आणि जाते.

दुसरं, पहिला तास मराठीत घ्या, बिनधास्त. मी महाभारतातला “नरो वा कुंजरो वा” घेतो. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, युधिष्ठिर द्रोणांना अश्वत्थामा मेला म्हणून सांगतो आणि हत्तीचं हळूच पुटपुटतो. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं. आता विचारा, धर्मराज खोटं बोलला का? शब्द तर एकही खोटा नाही. मग जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली का आला? पोट्टे अर्धा तास भांडतात यावर. त्यातून त्यांना कळते की लिहिलेलं एक असते आणि वाचणाऱ्याने समजून घ्यावं असं जे अपेक्षित असते ते दुसरं, आणि चांगला वाचक दोन्ही पाहतो. हे एकदा आपल्या भाषेत डोक्यात बसलं की इंग्रजीत फक्त भाषा राहते. दोन्ही ओझी एकाच वेळी देऊ नका.

हिंगणारोड_टीचर

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कामठी सर, मराठीत पहिला तास हे पटलं, मी उगाच घाबरत होते की इंग्रजीच्या तासाला मराठी कशी घेऊ.

अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्या हेडसरांना विषय सांगितला तर ते म्हणाले “मॅडम पालक विचारतील, शाळेत खोटं बोलायला शिकवता का?” त्यांना काय सांगू? आणि माझ्या मनात होतं की शेवटी पोरांकडून “मी खोटं बोललो तेव्हा” असा एक पॅरेग्राफ लिहून घ्यावा, एकमेकांचे वाचायला द्यावे. चालेल का?

रिटायर्ड_मुख्याध्यापिका_धरमपेठ

मॅडम, दुसऱ्याचं आधी सांगते, तो पॅरेग्राफ नका लिहून घेऊ. आठवीतल्या लेकराच्या खोट्यामागे घरातलं काय काय असते. बाबांचं पिणं असते, फी भरली नाही ते असते, आईला लागलं ते “पडली” म्हणून सांगायचं असते. ते लेकरू एकतर वहीत उघडं पडेल नाहीतर तिथेही खोटं लिहील. आणि एकमेकांना वाचायला तर मुळीच देऊ नका. लिहून घ्यायचंच तर प्रत्येकाने तीन वाक्यं लिहावी, दोन खरी एक खोटं, आणि विषय तुम्ही ठरवून द्या, जेवण, प्रवास, सणवार. बाकीच्यांनी वाचून प्रश्न विचारून खोटं शोधायचं. किंवा महालच्या सरांच्या गोष्टीतल्या तिसऱ्या मुलाच्या नावाने कबुलीचं पत्र लिहू द्या. दुसऱ्याच्या नावाने लेकरं खूप मोकळं आणि खरं लिहितात, मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

हेडसरांचा प्रश्न चुकीचा नाही, उद्या पालक आले तर उत्तर त्यांनाच द्यावं लागेल. त्यांना सांगा की आपण खोटं पकडायला शिकवून राहिलो. आणि एक अभ्यास दाखवा. २०१४ मध्ये कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. मुलाला सांगायचं मागे खेळणं आहे, वळून पाहू नको, आणि मोठं माणूस बाहेर. बरीच मुलं वळून पाहतातच. मग गोष्ट वाचून दाखवायची आणि विचारायचं, पाहिलं का? लांडगा आला रे आला किंवा नाक लांब होणाऱ्या लाकडी मुलाची गोष्ट ऐकून मुलं जास्त खरं बोलली असं काही दिसलं नाही. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची गोष्ट, ज्यात लहानपणी झाडावर कुऱ्हाड चालवल्याचं तो खरं सांगतो आणि बाप शाबासकी देतो, ती ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. म्हणजे शिक्षेच्या भीतीपेक्षा खऱ्याचं कौतुक कामी आलं. हा अभ्यासच सोप्या इंग्रजीत करून वर्गाला वाचायला द्या, हेडसरही खुश होतील.

त्याच्या पुढचं पान तर अजून छान आहे. ती चेरीच्या झाडाची गोष्टच मुळात बनवलेली मानली जाते. वीम्स नावाच्या चरित्रकाराने वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर, १८०६ च्या आवृत्तीत ती घातली, त्याआधीचा काही पुरावा नाही. दोन उतारे एकापाठोपाठ द्या, एकात गोष्ट आणि दुसऱ्यात ती कुठून आली. एकाच गोष्टीवर दोन कागद वाचून मत बनवणं आपल्या परीक्षेत फारसं विचारत नाहीत, पण आयुष्यभर तेच लागते.

सक्करदरा_आयटी

मी टीचर नाही, माझी मुलगी आठवीत आहे म्हणून हा धागा वाचून राहिलो. तुम्ही सगळे व्हॉट्सॲप विसरले का? आपल्या जन गण मनला युनेस्कोने जगातलं सर्वश्रेष्ठ राष्ट्रगीत ठरवलं हा मेसेज अजून येते, युनेस्कोने तर २००८ मध्येच नाही म्हणून सांगितलं होतं. २०१६ ला दोन हजारच्या नोटेत चिप आहे म्हणून फिरलं, टीव्हीवर पण दाखवलं, ती पण अफवा. असे मेसेज इंग्रजीत आहेतच, भाषा सोपी असते, पोरांनी पाहिलेले असतात. १९५७ ला एक एप्रिलला बीबीसीने स्वित्झर्लंडमध्ये झाडाला स्पॅगेटी, म्हणजे शेवयांसारखा पास्ता, लागतात आणि शेतकरी तोडून राहिले असं दाखवलं होतं, लोकांनी रोप कुठे मिळेल म्हणून फोन केले, ते पण घ्या. आणि झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची एक वेबसाइट आहे १९९८ ची, पूर्ण बनावट, अमेरिकेत सातवीच्या पोरांना दाखवली तर त्यांनी ती विश्वासार्ह मानली होती. माझ्या मते तर सुरुवातच इथून करावी, जबान्या वगैरे काल्पनिक कशाला.

महालचे_सर

भाऊ, मेसेज घ्यायलाच पाहिजे पण सुरुवातीला नाही, यावर मी अडून राहीन. कारण सांगतो. शिंग तुटलं त्या जबान्यांमध्ये खोटं पकडायला लागणारं सगळं त्या पाच कागदांवरच आहे, पोरगं वाचून स्वतः उत्तरापर्यंत पोचते आणि त्याला कळते की वाचलं की सापडते. युनेस्कोच्या मेसेजमध्ये तसं नाही. तो मेसेज कितीही वेळा नीट वाचला तरी खोटा आहे हे त्यातून नाही कळत, त्यासाठी बाहेर जाऊन पहावं लागते. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०१७ मध्ये हेच दाखवलं, फॅक्ट चेकिंग करणारे एखाद्या पानावर फार वेळ घालवत नाहीत, लगेच दुसरे टॅब उघडून ते पान कोणाचं आहे ते पाहतात, आणि प्रोफेसर लोक त्याच पानावर वाचत बसून फसले. लॅटरल रीडिंग म्हणतात त्याला. चांगलं कौशल्य आहे, पण ज्याला आतलं वाचता येत नाही त्याला आधीच बाहेर पाठवलं तर तो एवढंच शिकते की सगळंच खोटं असते, वाचून काय उपयोग. ते जास्त वाईट आहे. म्हणून पहिले बंद कागद, मग उघडं जग. तिसऱ्या आठवड्यात तुमचे मेसेज, शाळेत इंटरनेट नसेल तर मॅडमनी दोन-तीन पानं प्रिंट काढून बाजूला ठेवायची, पोरांनी कोणतं पान आधी पाहायचं ते ठरवायचं.

सक्करदरा_आयटी

हे पटलं सर. असा विचार केला नव्हता. प्रिंटचं मी करून देऊ शकतो, ऑफिस आयटी पार्कमध्ये आहे, मॅडमनी सांगावं.

हिंगणारोड_टीचर

खूप खूप आभार. मग असं ठरवते. पहिला तास मराठीत धर्मराज. मग सरांच्या जबान्या, तीन रकान्यांसोबत, दोन तरी संच. दुसऱ्या आठवड्यात चेहऱ्यावरून खोटं ओळखता येते का तो उतारा आणि खेळण्याचा प्रयोग, चेरीच्या झाडासोबत. तिसऱ्यात मेसेज. पॅरेग्राफ रद्द, त्याऐवजी तिसऱ्या मुलाचं कबुलीपत्र, ते मला फार आवडलं.

एकच राहिलं, मार्क कसे देऊ? बरोबर उत्तराला मार्क दिले की परत ते एकमेकांचं पाहून लिहितील.

महालचे_सर

उत्तराला एक आणि पुराव्याला दोन. ओळीचा नंबर लिहायचा आणि त्या ओळीवरून असं का वाटते ते एका वाक्यात, सुरुवातीला मराठीत लिहिलं तरी चालवा. उत्तर चुकलं पण ओळ बरोबर पकडून कारण लिहिलं असेल तर दोन मार्क द्यायचेच. उत्तर बरोबर आहे आणि ओळ नाही तर एकच. ओळ उतरवून काढली आणि कारण नाही तर पुराव्याचे शून्य, म्हणजे तुमची ती बोटाने शोधून उतरवायची सवय इथे चालणारच नाही. एकमेकांचं उत्तर पाहून लिहिता येते, पण का वाटते हे वाक्य कॉपी केलं की लगेच दिसते.

झेरॉक्स काढायच्या आधी प्रत्येक जबानीच्या ओळींना डाव्या बाजूने नंबर टाका, सगळ्या कागदांवर सलग, एक ते तीस-पस्तीस. प्रत्येक कागदाला परत एकपासून सुरू केलं तर पोट्टे “ओळ चार” म्हणतात आणि कोणत्या कागदाची ते शोधण्यात तास जाते. दुसरा संच पाहिजे असेल तर सांगा, माझ्याकडे रामटेकच्या सहलीत हरवलेल्या डब्याचा आहे, टाइप करून टाकतो रविवारी.

कामठी_झेडपी

सर तो डब्याचा इथेच टाका, मला पण पाहिजे.